रिलीजच्या तारखेपासून उलटं मोजा: स्वयंसेवी सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या प्रसिद्धीचं वेळापत्रक कसं आखायचं

लिबरऑफिस म्हणजे लिहिण्याचं आणि हिशेबाचं मुक्त ऑफिस सॉफ्टवेअर. त्याच्या मराठी प्रसिद्धीला हातभार लावायला कुणी नवीन आलं की पहिल्या दोन दिवसांत ग्रुपवर कल्पनांचा पाऊस पडतो. रील करू, शाळेत कार्यक्रम घेऊ, पोस्टर छापू, वर्तमानपत्रात लेख देऊ, युट्यूबवर मालिका काढू. कल्पना चांगल्याच असतात. पण महिन्याभराने पाहावं तर एकही तडीस गेलेली नसते आणि त्या सुचवणारा माणूसही हळूहळू गप्प झालेला असतो. त्याची हौस फिटलेली नसते. कोणतं काम, किती तासांचं, कुठल्या दिवशी, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. असे बरेच जण मी गळताना पाहिले आहेत आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण असा माणूस परत मिळणं सोपं नाही.

हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. उदाहरण लिबरऑफिसचंच घेते, कारण तेच मला आतून माहीत आहे. पण तुमचा प्रकल्प नकाशाचा असो, फॉन्टचा असो की एखाद्या छोट्या अॅपचा, आखणीची रीत फारशी बदलत नाही.

पहिलं काम: तारखा गोळा करणं

मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढण्याच्या, बाबतीत ढोबळमानाने दोन तऱ्हांचे असतात. काही तारखेला बांधलेले असतात. उबुंटू ही संगणकप्रणाली एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते, ग्नोम हा डेस्कटॉप मार्च आणि सप्टेंबरमध्ये. दुसरी तऱ्हा डेबियन या संगणकप्रणालीची: तयार झालं की बाहेर. तुमचा प्रकल्प यांपैकी कोणता, हा सामील झाल्यावर विचारायचा पहिला प्रश्न. पहिल्या प्रकारात कॅलेंडरवरून आखणी करता येते. दुसऱ्या प्रकारात 'गोठवण' जाहीर होईपर्यंत थांबायचं आणि तिथून पुढे आखायचं. गोठवण म्हणजे नवीन गोष्टी घेणं बंद करून फक्त दुरुस्त्या चालू ठेवण्याचा काळ.

लिबरऑफिस पहिल्या प्रकारात मोडतं. २८ सप्टेंबर २०१० रोजी ओपनऑफिस या जुन्या ऑफिस सॉफ्टवेअरपासून वेगळं होऊन हा प्रकल्प जाहीर झाला आणि पुढे बर्लिनमध्ये नोंदलेलं द डॉक्युमेंट फाउंडेशन त्याचं घर बनलं. मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये येते. २०२४ पासून आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो. २५.८ म्हणजे २०२५ चा ऑगस्ट. प्रसिद्धी करणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे, कारण पुढच्या दोन वर्षांचे महिने आजच ठाऊक असतात.

पण महिना ठाऊक असला म्हणजे तारीख पक्की झाली असं समजू नका. या पद्धतीची पहिलीच आवृत्ती २४.२ आली ती ३१ जानेवारी २०२४ ला. नावात फेब्रुवारी, प्रत्यक्षात जानेवारीचा शेवटचा दिवस. शेवटच्या टप्प्यात एखादा गंभीर बग सापडला तर उलटंही होऊ शकतं, तारीख पुढे सरकू शकते. म्हणून छापील वस्तूवर रिलीजची तारीख कधीही घालू नका. 'ऑगस्ट २०२५' पुरेसं असतं.

प्रकल्पाचं रिलीजचं वेळापत्रक सगळ्यांना पाहायला खुलं असतं, पण ते आठवड्यांच्या क्रमांकांत लिहिलेलं असतं: आठवडा ३४ वगैरे. युरोपात तशी रीत आहे, आपल्याला तिची सवय नाही. नव्या माणसाने बसल्याबसल्या हे आठवडे तारखांसह आपल्या कॅलेंडरवर उतरवून घ्यावेत. २०२५ चा ३४ वा आठवडा म्हणजे १८ ते २४ ऑगस्ट. २५.८ आली ती २० ऑगस्टला, बुधवारी.

या तारखांच्या शेजारी दुसरा रकाना आखा: आपल्या माणसांच्या तारखा. बहुतेक आखणीपत्रकांत हा नसतो आणि तिथेच सगळं फसतं. स्वयंसेवक म्हणजे कुणाची परीक्षा असते, कुणाचा मार्चअखेर, कुणाच्या घरी गणपती. २०२५ मध्ये २० ऑगस्टला रिलीज होता आणि २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी. म्हणजे रिलीजनंतरचा जो आठवडा प्रसिद्धीला सगळ्यात मोलाचा, नेमक्या त्याच आठवड्यात निम्मी मंडळी मखराच्या मागे आणि उरलेली गावच्या गाडीत. हे जूनमध्ये कळलं तर काम पुढेमागे करता येतं. २५ ऑगस्टला कळलं तर माणसावर चिडण्याखेरीज काही हातात राहत नाही, आणि स्वयंसेवकावर चिडून कुणाचंच भलं होत नाही.

तिसरा रकाना बाहेरच्या तारखांचा. दुसऱ्यांनी ठरवलेले दिवस, ज्यांच्यावर आपण स्वार होऊ शकतो. फेब्रुवारीच्या आवृत्तीनंतर तीन-चार आठवड्यांनी २७ फेब्रुवारी येतो, मराठी भाषा गौरव दिन. त्या आठवड्यात शाळा, ग्रंथालयं, सरकारी कार्यालयं सगळीकडे मराठीचे कार्यक्रम असतात आणि संगणकावरच्या मराठीबद्दल बोलणारा माणूस त्यांना हवाच असतो. आपल्या प्रकल्पाला याहून चांगली वेळ शोधून सापडणार नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन पाळण्याची प्रथा आहे. मात्र तो कधी कधी गणपतीत अडकतो. २०२६ मध्ये तिसरा शनिवार १९ तारखेला आणि चतुर्थी १४ ला. अशा वर्षी पुण्या-मुंबईत कार्यक्रम ठेवण्याचा अट्टहास करू नये.

बाहेरच्या तारखेचा उत्तम उपयोग कसा करावा हे पाहायचं असेल तर विंडोज १० कडे बघा. तिचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्येच सांगून ठेवलं होतं. केडीईसारख्या मुक्त डेस्कटॉपच्या प्रकल्पांनी ती तारीख धरून जुन्या संगणकावर लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली घालण्याची मोहीम कित्येक महिने आधी उभी केली. स्वतःचा कुठलाही रिलीज नसताना, दुसऱ्याच्या तारखेवर.

मग तास मोजा, माणसं नाही

'आपण बाराजण आहोत' या वाक्यावर आखणी करू नका. ग्रुपमध्ये बारा नावं असतात, काम करणारे चार असतात आणि त्या चौघांकडे आठवड्याला दोन-दोन तास असतात. कागदावर हे आठ तास झाले. मी त्यातले पाचच धरते. उरलेले तीन कुणाच्या तापात, कुणाच्या ओव्हरटाइममध्ये, कुणाच्या इंटरनेटमध्ये जातात. हा अंदाज तुमच्याकडे वेगळा निघेल, पण कागदावरचे सगळे तास हातात येतात असं कधीच होत नाही.

सहा आठवडे गुणिले पाच, म्हणजे तीस तास. तुमचं सगळं भांडवल एवढंच.

आता कामांचे तास लिहा. माझ्या हाताचे आकडे देते, कच्चा अंदाज म्हणून वापरा. नव्या सोयींबद्दलचं इंग्रजी वाचून त्यातलं मराठी वाचकाला उपयोगी काय ते निवडणं, तीन तास. मराठी प्रसिद्धिपत्रक लिहून दुसऱ्याकडून तपासून घेणं, पाच तास. मराठी इंटरफेसचे, म्हणजे मराठी मेनू आणि बटणांचे, पाच स्क्रीनशॉट, तीन तास. एक पोस्टर, तपासणीसह, चार तास. दीड मिनिटाचा व्हिडिओ, दहा तास. हो, दहा. नवख्याला हा आकडा पटत नाही, पण स्क्रिप्ट, रेकॉर्डिंग, पंख्याचा आवाज आला म्हणून पुन्हा रेकॉर्डिंग, संकलन आणि उपशीर्षकं धरली की तेवढे होतातच. समाजमाध्यमांवरच्या आठ छोट्या पोस्ट, चार तास. एका शाळेतलं सत्र, तयारी आणि प्रवासासह, आठ तास.

बेरीज सदतीस. हातात तीस. म्हणजे आजच, सगळे उत्साहात असताना, काहीतरी कापायचं आहे. मी व्हिडिओ कापते. एकतर तो सगळ्यात महाग, आणि दुसरं म्हणजे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिसचे धडे मराठी आवाजात आधीपासून आहेत. जे तयार आहे त्याच्याकडे बोट दाखवणं हीसुद्धा प्रसिद्धीच आहे आणि तिला दहा मिनिटं लागतात. व्हिडिओ गेला की सत्तावीस तास उरतात. वरचे तीन तास मोकळेच ठेवा, भरू नका. ऐनवेळी लागतातच.

अंथरूण पाहून पाय पसरण्याचा हा हिशेब ग्रुपवर सगळ्यांसमोर करा. एकट्याने ठरवून 'व्हिडिओ रद्द' असं कळवलं तर माणूस दुखावतो. आकडे समोर असले की तोच म्हणतो, राहू दे, फेब्रुवारीत करू.

एक आवृत्ती, एक वाक्य

दर आवृत्तीत शेकडो बदल असतात. ते सगळे सांगायला गेलं की एक ना धड, भाराभर चिंध्या. म्हणून साहित्य लिहायला घेण्याआधी एकच वाक्य ठरवा, जे पोस्टरवर, प्रसिद्धिपत्रकात, शाळेतल्या सत्रात, सगळीकडे तेच असेल.

२५.८ चं उदाहरण घेऊ. रायटर (लिबरऑफिसमधला लिहिण्याचा भाग) आणि कॅल्क (हिशेबाच्या शीटचा भाग) यांत फायली आधीपेक्षा लवकर उघडतात, पीडीएफ २.० मध्ये निर्यात करता येते, कॅल्कमध्ये काही नवी फंक्शनं आली, असं बरंच काही होतं. मराठी शाळेतल्या शिक्षकाला यातलं काय भिडेल? पीडीएफचा आवृत्ती क्रमांक नाही. 'निकालपत्रकाची मोठी फाइल आता लवकर उघडते' हे भिडेल. ते आपलं वाक्य.

त्याच आवृत्तीत एक अवघड बातमीही होती. २५.८ विंडोज ७, ८ आणि ८.१ वर चालत नाही. आपल्याकडच्या अनेक शाळांत आणि सोसायट्यांच्या कार्यालयांत अजून विंडोज ७ ची यंत्रं आहेत. अशी गोष्ट पोस्टच्या तळाशी बारीक अक्षरात टाकू नका. वर, पहिल्या दोन ओळींत लिहा आणि लगेच उपायही लिहा: मागची आवृत्ती चालू ठेवा, किंवा त्या यंत्रावर हलकं लिनक्स घालून बघा. कुणी आपल्या शब्दाखातर इन्स्टॉल करायला गेलं आणि ते चाललंच नाही, तर पुढच्या वर्षी ती शाळा आपला फोन उचलणार नाही.

शब्दांबद्दल एक. 'मोफत' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द आपल्याला मराठीने तयार दिले आहेत. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्याने तिथे लोकांना दरवेळी खुलासा करत बसावं लागतं. आपल्याला गरज नाही, फक्त दोन्ही शब्द जागच्या जागी वापरायला हवेत. पैसे पडत नाहीत म्हणून मोफत. आतला कोड पाहता, बदलता, वाटता येतो म्हणून मुक्त. पोस्टरवर 'मोफत' मोठं असलं तरी चालेल, पण 'मुक्त' वगळू नका. आपण रात्री जागून हे काम करतो ते त्या शब्दासाठी.

उलटा तक्ता

आता रिलीजची तारीख तक्त्यात सगळ्यात खाली लिहा आणि वर वर चढत जा. २० ऑगस्ट २०२५ धरून करून दाखवते.

९ जुलै, सहा आठवडे आधी. आषाढी ६ तारखेला होऊन गेलेली, वारीला गेलेले परतलेले. गोठवण झालेली असते, त्यामुळे आवृत्तीत काय असणार हे कळलेलं असतं. रिलीजच्या नोंदी डेव्हलपर जसजसं काम करतात तसतशा प्रकल्पाच्या विकीवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या संकेतस्थळावर, भरत जातात; त्या इथे वाचायच्या. याच दिवशी तासांचा हिशेब.

१६ जुलै. एक वाक्य ठरलं. कामांना नावं लागली.

२३ जुलै, चार आठवडे. प्रसिद्धिपत्रकाचा पहिला मसुदा. चाचणी आवृत्ती एका वेगळ्या संगणकावर घालून स्क्रीनशॉट सुरू.

६ ऑगस्ट, दोन आठवडे. पोस्टर आणि स्क्रीनशॉट तयार. यापुढे नवीन कल्पना फेब्रुवारीच्या पानावर लिहायच्या, कितीही चांगली असली तरी.

१३ ऑगस्ट. सगळं मुद्रितशोधनाला. १५ ला शुक्रवारी स्वातंत्र्यदिन, १६ ला दहीहंडी, म्हणजे जोडून सुट्ट्या. त्या दिवसांवर कुणाचंही काम टाकलेलं नाही.

१८ ऑगस्ट. वार्ताहरांना 'बुधवारी पत्रक पाठवतो' एवढा निरोप. पत्रक अजून नाही.

२० ऑगस्ट. रिलीज.

२१ ते २४ ऑगस्ट. उरलेल्या पोस्ट आणि प्रश्नांना उत्तरं. २५ पासून सुट्टी, सगळ्यांना, सांगून. शाळेचं सत्र गणपतीनंतर.

तक्त्यासाठी खास सॉफ्टवेअर शोधत बसू नका. कॅल्कची एक शीट पुरते: काम, कोण करणार, कोण तपासणार, कधीपर्यंत, झालं का. पाच रकाने. सहावा रकाना वाढवावासा वाटला तर तो भरणार कोण हे आधी ठरवा.

'कोण करणार' या रकान्यात एकच नाव हवं. 'सर्वजण' लिहिलं की ते काम कुणाचंच नाही. तपासणाऱ्याचं नाव वेगळं, आणि करणाऱ्याला अडचण आली तर काम त्याच्याकडे जाणार हे दोघांनाही माहीत असलेलं. काम मागताना नाही म्हणायला जागा ठेवा. मी साधारण असं लिहिते: 'ताई, पोस्टरची चार वाक्यं गुरुवारी रात्रीपर्यंत जमतील का? अडचण असेल तर मंगळवारीच सांगा, मी करीन. काही वाटून घेऊ नका.' यातला मंगळवार महत्त्वाचा. स्वयंसेवक बहुधा संकोचाने गप्प बसतो आणि काम राहिल्याचं आपल्याला शेवटच्या रात्री कळतं. आधी सांगण्याची तारीख ठरवून दिली की तो संकोच मोडतो.

मंजुरीसाठीही एक नियम करा, नाहीतर मसुदे 'बघतो' या शब्दात अडकून पडतात. आमच्याकडे ४८ तासांचा आहे. मसुदा टाकल्यावर दोन दिवसांत हरकत आली नाही तर तो मंजूर. तथ्यांची चूक दाखवणारी हरकत केव्हाही चालते, आवडीनिवडीची ४८ तासांनंतर चालत नाही.

स्क्रीनशॉट आणि पोस्टर: इथे घाई करू नका

हा भाग सविस्तर लिहिते, कारण नवख्याला पहिलं काम बहुधा हेच मिळतं.

इंग्रजी इंटरफेसचे स्क्रीनशॉट प्रकल्पाकडे भरपूर असतात. ते मराठी पोस्टमध्ये लावले की वाचणाऱ्याला वाटतं, सांगतायत मराठीत पण सॉफ्टवेअर इंग्रजीच आहे. लिबरऑफिसचा इंटरफेस मराठीत आहे, मग तोच दाखवा. विंडोजवर इन्स्टॉल करताना सानुकूल (कस्टम) पर्यायात मराठी भाषा निवडावी लागते. त्यानंतर टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकॅल्स, जनरल इथे जाऊन इंटरफेसची भाषा मराठी करायची आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडायचा.

मग उघडायला फाइल हवी. रिकाम्या पानाचा स्क्रीनशॉट कुणी पाहत नाही. मी एका काल्पनिक मंडळाच्या वर्गणीची शीट ठेवली आहे: पावती क्रमांक, नाव, रक्कम, मिळाल्याची तारीख, खाली बेरीज. पाहणारा क्षणात ओळखतो, कारण अशी वही त्याच्या घरी कुणीतरी सांभाळत असतं. नावं आणि फोन नंबर खऱ्या माणसांचे कधीही वापरू नका, मंडळ ओळखीचं असलं तरी. फाइलच्या नावात, अलीकडे उघडलेल्या फायलींच्या यादीत, स्क्रीनच्या कोपऱ्यात आलेल्या सूचनेतही खासगी काही दिसत नाही ना ते पाहा. स्क्रीनवरच्या अक्षरांचा आकार सव्वापट करा, कारण लोक फोनवर बघतात आणि देवनागरीच्या मात्रा आधी बुजतात. मेनूत एखादा शब्द इंग्रजीच राहिलेला दिसला तर तो झाकू नका. भाषांतर जिथे होतं त्या वेबलेटवर तो शब्द नोंदवा, जमल्यास स्वतः भाषांतर सुचवा. प्रसिद्धीला आलेली कित्येक मंडळी अशीच भाषांतराकडे वळतात.

पोस्टरमध्ये जोडाक्षरं फुटणं हे जुनं दुखणं. काही डिझाइन सॉफ्टवेअर देवनागरी नीट मांडत नाहीत. मजकूर टाकण्याआधी तीन शब्द टाइप करून बघा: 'प्रसिद्धी', 'कार्यालय' आणि 'दुसऱ्या'. पहिल्यात ऱ्हस्व वेलांटी 'सि'च्या अलीकडे बसते का आणि 'द्ध' जोडलेला दिसतो का, दुसऱ्यात रफार 'या'वर जातो का, तिसऱ्यात 'ऱ्य'चा डोळ्याच्या पापणीसारखा र येतो का. हा तिसरा र मराठीची खास खूण आहे आणि हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या काही फॉन्टमध्ये तो चुकतो. फॉन्टही मुक्त परवान्याचा घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला मुक्ता चांगला आहे, त्याची अनेक वजनं (जाड-बारीक रूपं) मिळतात आणि पोस्टर मोठं केलं तरी तो कोलमडत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या पोस्टरवर चोरीचा फॉन्ट असावा हे मला अजिबात सहन होत नाही.

लोगो कसा वापरायचा याचे नियम फाउंडेशनने लिहून ठेवले आहेत. ते एकदा वाचा. रंग बदलायचा नाही, ताणायचा नाही, गणपतीत त्याला मुकुट घालायचा नाही.

विचारले जाणारे प्रश्न

उत्तरं आधीच लिहून शीटच्या दुसऱ्या पानावर ठेवा म्हणजे रिलीजच्या दिवशी चौघे चार उत्तरं देणार नाहीत. वर्डच्या फायली उघडतील का? उघडतील, गुंतागुंतीच्या मांडणीत थोडं इकडेतिकडे होऊ शकतं. पैसे कोण देतं? देणग्या येतात, आणि काही कंपन्यांचे डेव्हलपर त्यावर काम करतात.

आणि एक खास आपल्याकडचा प्रश्न: जुन्या मराठी फायली दिसतील का? युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट संगणकावर नसेल तर कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट दिसणार नाही. तो एकदा युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावा लागतो. हे स्पष्ट सांगा. 'हो हो, सगळं चालतं' म्हणून वेळ मारून नेऊ नका. ज्याच्याकडे वीस वर्षांचं दप्तर जुन्या फॉन्टमध्ये पडलं आहे, त्याच्यासोबत बसून एक फाइल बदलून दाखवली तर तो माणूस आयुष्यभर आपला होतो.

रिलीजचा दिवस

बर्लिन आणि आपल्यात उन्हाळ्यात साडेतीन तासांचं अंतर असतं आणि हिवाळ्यात साडेचार तासांचं, कारण तिकडे घड्याळं बदलतात. त्यांचे दुपारचे बारा म्हणजे ऑगस्टमध्ये आपले साडेतीन आणि फेब्रुवारीत साडेचार. जिल्हा आवृत्तीच्या वार्ताहराला पत्रक संध्याकाळच्या आत मिळालं तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात जागा मिळण्याची आशा असते. हा एक तासाचा फरक म्हणूनच तक्त्यात लिहून ठेवा. पत्रक युनिकोडमध्ये मेलच्या मजकुरातच चिकटवा, सोबत एक फोटो आणि खाली एका माणसाचा नंबर.

अधिकृत घोषणेआधी काहीही टाकायचं नाही. डाउनलोडच्या फायली जगभरच्या आरशांवर, म्हणजे प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांवर, पोहोचायला वेळ लागतो. आपण आधी बोभाटा केला आणि लोकांना जुनीच आवृत्ती मिळाली तर सगळी मेहनत वाया. मोठ्यांचंही असं होतं. १७ जून २००८ ला फायरफॉक्स ब्राउझरच्या ३ या आवृत्तीच्या वेळी तो बनवणाऱ्या मोझिलाने एका दिवसातल्या डाउनलोडचा जागतिक विक्रम करायचं ठरवलं होतं. गर्दी इतकी लोटली की सुरुवातीलाच सर्व्हर कोलमडले आणि चोवीस तासांचं घड्याळ उशिरा सुरू करावं लागलं. विक्रम झाला, ८० लाखांहून अधिक डाउनलोडचा. पण त्या दिवसापासून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: प्रसिद्धीवाल्यांनी सर्व्हर सांभाळणाऱ्यांशी आधी बोलून घ्यावं. घोषणा झाल्यावर दुवा स्वतः दाबून बघा, फाइल उतरवून आवृत्तीचा क्रमांक वाचा, मग पोस्ट टाका.

मात्र रिलीजचा दिवस चुकला म्हणून सगळं बुडालं असंही नाही. फायरफॉक्स १.० आलं ९ नोव्हेंबर २००४ ला. हजारो चाहत्यांनी वर्गणी काढून, त्यांची नावं छापून न्यूयॉर्क टाइम्समध्ये दिलेली प्रसिद्ध दोन पानी जाहिरात आली १६ डिसेंबरला, महिन्याहून अधिक उशिराने. आजही लोकांना आठवते ती जाहिरात. तुमचं पोस्टर आठ दिवस उशिरा तयार झालं तर आठ दिवस उशिरा लावा.

दोन आठवड्यांनंतर

एक तासाची बैठक घ्या, त्याहून मोठी नको. डाउनलोडच्या जागतिक आकड्यांत मराठी किती हे निघत नाही, म्हणून त्यांच्या मागे लागू नका. आपल्याला मोजता येतं ते वेगळं: किती जणांनी प्रश्न विचारले, त्यातले किती परत आले, वेबलेटवर कुणी नवीन दिसलं का, कुठल्या शाळेने स्वतःहून बोलावलं. आणि प्रत्येक कामाला खरे किती तास लागले ते शीटमध्ये अंदाजाच्या शेजारी लिहा. दोन-तीन आवृत्त्यांनंतर हे आकडे इतके पक्के होतात की बेरीज करायला पाच मिनिटं लागतात.

ज्यांनी काम केलं त्यांचे आभार नाव घेऊन, कामाचा उल्लेख करून माना. 'सर्वांचे आभार' यात कुणालाच आपलं नाव सापडत नाही. ज्याला जमलं नाही त्याला खासगीत एक निरोप: 'फेब्रुवारीला आहात ना?' बहुतेक वेळा तो असतो.

फेब्रुवारीची शीट दिवाळीआधी उघडून ठेवा. ऑगस्टच्या शीटची प्रत काढा, तारखा पुसा, राहून गेलेल्या कल्पनांचं पान तिला जोडा. तळाच्या ओळीत या वेळी दोन तारखा येतील: रिलीजचा आठवडा, आणि त्याखाली २७ फेब्रुवारी. शाळांना कार्यक्रम ठरवायला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच फोन करावा लागतो, कारण नंतर त्यांची स्नेहसंमेलनं आणि परीक्षा सुरू होतात. तेव्हा पहिलं नाव त्या फोनसमोर लिहा.